धुऱ्यापलीकडच्या डोमकळ्या

भाद्रपद लागला की मला राग यायला लागतो. घरच्यांना हे पाठ झालं आहे. डॉक्टरांना वाटतं, रक्तदाब. तो आहेच, पण तो बारमाही आहे. हा राग मोसमी आहे. अमरावतीच्या आमच्या गल्लीत महालक्ष्म्यांची तयारी सुरू होते, भाजीवाली अंबाडीच्या जुड्या घेऊन दारात बसते, "घ्या ना बाई, कवळी हाये," म्हणते, आणि तिचा काहीएक अपराध नसताना मी तिच्यावर खेकसते. अंबाडी दिसली की मला पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आठवते. दोघी एकाच कुळातल्या. भेंडीही त्याच कुळातली. आणि या कुळाच्या जिवावर जगणारं एक पाखरू आहे, ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं असेल. वाळक्या पानाच्या रंगाचं, अंगावर काळपट डाग, पंखांच्या कडेला बारीक झालर. दिवसा ते मातीच्या भेगेत, पाचोळ्याखाली दडून बसतं. तुमच्या बाहीवर बसलं तरी धूळ समजून झटकून टाकाल. मी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि दरवर्षी पोरांना सूक्ष्मदर्शकाखाली ते दाखवलं. पोरं नाक मुरडायची. "म्याडम, हे एवढंसं?" हो, एवढंसं. याच एवढ्याशा जिवाच्या अळीला वर्तमानपत्रवाले गुलाबी बोंडअळी म्हणतात आणि 'गुलाबी संकट' असे मथळे देतात. गुलाबी म्हणे! लग्नपत्रिका आहे का ती?

पण तिचं खरं घर बोंड नव्हे, फूल. निदान पहिलं घर. आणि मला सांगायचं आहे ते त्या फुलाबद्दल.

कपाशीचं फूल कुणी नीट पाहत नाही. सगळ्यांचं लक्ष कापसावर. सकाळी ते उघडतं तेव्हा सायीच्या रंगाचं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग कोमेजून गळून पडतं. एवढंच त्याचं आयुष्य. आमच्या लहानपणी आई आम्हा दोघी बहिणींना घेऊन सकाळच्या दवात वावरात जायची. साडी पोटरीपर्यंत भिजायची. पानांचा तो किंचित तुरट, ओला वास अजून नाकात आहे. आई फुलं पाहायची आणि उघडलेली सोडून द्यायची. जे फूल धड कळी नाही, धड फूल नाही, पाकळ्या एकमेकींत पीळ घातल्यासारख्या मिटलेल्या, दिसायला गुलाबाच्या लहानशा कळीसारखं, ते ती खुडायची. "ही डोमकळी," म्हणायची. "ही उमलत नाही."

उमलत नाही, कारण आतून शिवलेली असते. पाखराची मादी पात्यावर, म्हणजे कपाशीच्या कळीवर, आणि कोवळ्या फुलावर एकेक अंडं ठेवते, सगळी एका जागी नाही. त्यातून पांढुरकी, काळ्या डोक्याची अळी निघते, फुलात शिरते आणि तोंडातून रेशीम काढून पाकळ्या आतून बांधून टाकते. दार लावून घेते म्हणा ना. मग निवांत बसून परागकण खाते. डोमकळी उलगडून पाहिली की ते बारीक धागे तुटताना जाणवतात. मला त्याचं कौतुक वाटतं. रागाच्या भरातही वाटतं, आणि म्हणून राग जास्तच येतो. इतकं नेटकं काम आणि ते कुठे, तर आमच्या वावरात.

मग नवं बियाणं आलं. पाकिटावर टपोरं बोंड, हसरा शेतकरी. आता अळी येणार नाही म्हणाले, आणि खरंच, कित्येक वर्षं आली नाही. कुणी फुलांत डोकावेनासं झालं. आई गेली, आणि तिच्यामागे तो शब्दही गेला. माझ्या भाचीला डोमकळी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. कृषी केंद्रात काउंटरमागे बसणाऱ्या पोराला ठाऊक नव्हतं. शब्द विसरायला एवढा कमी वेळ लागतो, याचं मला तेव्हा नवल वाटायचं. आता चीड येते.

मला आठवतो तो भाद्रपद त्यानंतरचा, काही वर्षांपूर्वीचा.

माझी थोरली बहीण शकूताई हिवरखेडच्या पुढे एका गावात राहते. भाऊजी गेल्यापासून वावर तीच पाहते. मुलगी लग्न होऊन अकोल्याला. महालक्ष्म्या ताईकडे असतात, म्हणून मी दरवर्षी जाते. अकोटला गाडी बदलायची आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ पाहत बसायचं. त्या वर्षी मात्र त्या रस्त्यावर निराळाच वास होता. दोन्ही बाजूंच्या वावरांत पाठीवर पंप घेतलेली माणसं, आणि एसटीच्या खिडकीतून आत येणारा तो गोडसर, डोकं उठवणारा फवाऱ्याचा वास. शेजारी बसलेली बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "काहीच्या काही फवारून राहिले वो. अयी मरत नाई, मानूस मरन." आमच्याकडच्या बोलीत अळीची अयी होते.

ताईनं घरात पाऊल टाकू दिलं नाही. पिशवी ओट्यावर ठेवायला लावली आणि हात धरून मला वावरात नेलं. पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली, हिरवीगार, पात्याफुलांनी लगडलेली. दृष्ट लागावी अशी. ताईनं एक मिटलेलं फूल खुडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"पाह्य. आठवते?"

मी पाकळ्या उलगडल्या. धागे तुटले. आत ती होती.

"डोमकयी," ताई म्हणाली. आईचाच आवाज. "आली ना वो परत. आन हे लोकं म्हनतात, पाकिटावर तं लिवलं हाये, येनार नाई म्हनून!"

त्या दिवसापासून ताई रोज सकाळी वावरात. बांधावर साबणाच्या पाण्याची बादली, पदराची ओटी, आणि ओळीओळीनं एकेक फूल पाहत जायचं. मीही तिच्यासोबत जायचे. तिसऱ्याच ओळीला माझी कंबर गेली. तिची नाही गेली. फूल खुडून ओटीत, ओटी भरली की बादलीत. आठवडाभर आम्ही दुसरं काही केलं नाही. महालक्ष्म्यांचा फराळसुद्धा शेजारच्या बायकांनी केला. आणि ताईचं वावर जवळजवळ निर्मळ झालं. पण तिच्या कपाळावरची आठी जाईना. ती उभी राहायची धुऱ्याकडे तोंड करून.

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आमच्या वऱ्हाडात धुऱ्यावरून काय काय होतं हे सांगायला नको. डोकी फुटतात, पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद होतं. ताईच्या धुऱ्यापलीकडे सुधाकररावांचं वावर. सुधाकरराव सरळ माणूस, भाऊजींचे मित्र. त्यांनी फवारणीवर भरवसा ठेवला होता, फुलात डोकावायला त्यांच्याकडे कुणी नव्हतं. धुऱ्यावरून नुसतं पाहिलं तरी डोमकळ्या दिसायच्या, झाडागणिक. ताई त्यांच्या घरी जाऊन सांगून आली. एकदा नव्हे, अनेकदा. ते म्हणाले, पाहतो. त्यांची बायको नलूवहिनी म्हणाली, "सांगते मी ह्याइले." फवारा वाढला, बाकी काही झालं नाही. फवारा फुलाच्या आत जात नाही हो! दार आतून लावलेलं आहे! हे मी किती जणांना सांगितलं असेल, कृषी केंद्रातल्या त्या पोरालासुद्धा. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि मागच्या फळीवरून आणखी एक बाटली काढली.

तर एका सकाळी ताईनं धुरा ओलांडला.

मी घरी पुरणाचं पाहत होते, म्हणून बरोबर नव्हते. तिनं कुणाला विचारलं नाही. सुधाकररावांच्या वावरात शिरली आणि ओळीओळीनं डोमकळ्या खुडत सुटली. ओटी तुडुंब भरली. बादलीसाठी परत धुऱ्यावर आली, आणि तिथे सुधाकरराव उभे.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी व्हायच्या आधी वावरात सीतादही करतात. खडे मांडायचे, हळदकुंकू, थोडा पांढरा कापूस, दहीभात. तो दहीभात मग वावरात शिंपडायचा. वेचणी त्यानंतर. आणि सुधाकररावांच्या घरात एक गोष्ट कडक पाळतात: सीतादही होईस्तोवर पऱ्हाटीचं पान, पातं, फूल, काहीही वावराबाहेर जाऊ द्यायचं नाही. गेलं तर घरची लक्ष्मी गेली. आणि इथे शेजारची बाई ओटी भरून फुलं घेऊन धुरा ओलांडते आहे. ओटीत! बायका ओटीत काय नेतात, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं.

सुधाकरराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ताई, पारावर चाला."

मारुतीच्या पारावर गावातली चार मोठी माणसं जमली. मला निरोप मिळाला तशी मी पुरणाच्या हातानं पळत गेले. ताई पाराखाली बसली होती, ओटी अजून भरलेली, पदराची घडी दोन्ही हातांनी आवळून धरलेली. नलूवहिनी लांब, कडुनिंबाखाली. सुधाकररावांनी झालं ते सांगितलं, एक शब्द वाढवून सांगितला नाही.

"फुलं नाई तोडली," ताई म्हणाली. "डोमकया तोडल्या. त्याच्यात अया हायेत. आज फुलात हायेत, उद्या बोंडात जातीन, मंग पाखरू व्हईन आन माह्या वावरात येईन. पाखराले सातबारा समजते काय, सुधाकरभाऊ? तुमचं वावर कुठं सरलं आन माहं कुठं लागलं, त्याले कोन सांगन?"

एकदोघे हसले. मग मी बोलले. प्राणिशास्त्राच्या बाईनं बोलावं तसं, सगळं: अंडं, अळी, कोष, बोंडात शिरलं की सरकी कशी पोखरते, थंडीत दोन सरक्या जोडून मध्ये कशी झोपून राहते. मादीच्या वासावर नर लांबून येतो, त्यावरच सापळे बनवतात, असंही सांगितलं, आणि लगेच पस्तावले, कारण आणखी दोघे हसले. सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं हात जोडून म्हटलं, "म्याडम, तुमी पाहुन्या. च्या घ्या."

मी चहा घेतला नाही.

आणि तेवढ्यात ताईच्या मुठीतून, पदराच्या घडीमधून, एक अळी बाहेर आली. चांगली वाढलेली, अंगावर गुलाबी पट्टे चढलेली. इतका वेळ उबेत दाबून धरल्यावर करणार काय बिचारी! ती ताईच्या मनगटावरून उतरली, पाराच्या दगडावर आली आणि चालू लागली. सगळ्यांनी पाहिलं. कुणीही नाकारू शकत नव्हतं. तिच्यामागून दुसरी आली. त्या म्हाताऱ्या माणसानं वाकून पाहिलं, पायातली वहाण काढली आणि दोन्ही चिरडल्या.

मला वाटलं, झालं, संपलं. आता उठतील आणि सगळेच वावरात जातील.

तो म्हातारा वहाण पायात घालत म्हणाला, "तुमी म्हनता ते खरंच असन, ताई. अयी हाये, पाह्यली आमी. पन सीतादहीच्या आंधी त्याइच्या वावरातली ओटी बाहेर गेली, हे बरं नाई झालं. ओटी त्याइच्या वावरात परत टाका. मंग भांडन नाई."

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या हाती हे पडेल. पण त्या पारावर मी इतक्या मोठ्यानं बोलले की शाळेतली पोरं खिडकीत आली. तुमच्या डोळ्यांसमोर अळी चिरडली ना? तुम्हीच चिरडली ना? मग त्याच अळ्या परत वावरात? ते वाईट लोक नव्हते. याचाच तर राग आहे. वाईट असते तर मी त्यांना शिव्या देऊन मोकळी झाले असते. त्यांना अळी पटली होती. फक्त धुरा त्यांना जास्त पटला होता.

ताई उठली. म्हणाली, "मी चुकली, सुधाकरभाऊ. न विचारता आली, ते चुकलीच." आणि वावराकडे निघाली. मी तिच्यामागे. धुरा ओलांडून चार पावलं आत गेली, गुडघ्यावर बसली आणि ओटी सोडली. सकाळभर खुडलेल्या डोमकळ्या काळ्या मातीवर पडल्या, चुरगळलेल्या, आणि त्यांतून अळ्या निघून भेगांकडे चालल्या. कोषात जायला त्यांना मातीची भेगच हवी असते. आम्ही त्यांना अगदी दारापर्यंत पोचवलं होतं. ताईनं पदर झटकला, कडेनं नीट पाहिला, एकही राहिली नाही ना ते पाहिलं. कारण पारावर ठरलं होतं तसंच व्हायला हवं होतं.

त्या वर्षी बोंडं फुटली तेव्हा दोन्ही वावरांत कवडीच जास्त. कवडी म्हणजे अळीनं खाल्लेलं, न उघडलेलं बोंड. आतला कापूस पिवळट, चिकट, बोटांनी उकरावा लागतो. पाखराला सातबारा समजत नाही हे सिद्ध झालं, पण सिद्ध होऊन कुणाला काय मिळालं? मी सीतादहीला पुन्हा गेले. ताई पूजेला पुरेल एवढा पांढरा कापूस शोधत कितीतरी वेळ फिरत होती. दहीभात मांडला, हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात धुऱ्यापलीकडे नलूवहिनी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचीही सीतादही त्याच दिवशी. त्यांच्या ताटात कापूस होता तो डागाळलेला. त्या काही मागेनात आणि जाईनातही.

ताईनं आपल्या ताटातला निम्मा पांढरा कापूस उचलला आणि धुऱ्यावरून हात लांब करून त्यांच्या ताटात ठेवला. मी रागानं लाल झाले. घरी आल्यावर विचारलं, काहून दिला? ताई म्हणाली, "पूजेले मांगत होती वो. पूजेले नाई म्हनाव काय?" माझ्याकडे त्यावर आजही फक्त राग आहे.

थंडीत ताईनं वेचे संपताच पऱ्हाटी उपटली. हिरवी बोंडं होती तरी उपटली. जमिनीला उन्हाळाभर तापू दिलं, म्हणजे अळीला खायला नाही, झोपायला जागा नाही. पलीकडे विहिरीचं पाणी होतं, पऱ्हाटी उभी ठेवून आणखी एक वेचा घेता येत होता, म्हणून ती उभी राहिली. आणि उपटली तेव्हा वाळक्या काड्यांचा ढीग, कवड्यांसकट, चुलीसाठी घराशेजारी. गावात घराघराशेजारी असे ढीग. त्या कवड्यांत दोन सरक्यांच्या मध्ये ती झोपलेली. कृषी खात्याच्या सभेला येणारे साहेब सांगतात, सर्वांनी मिळून करा. सर्वांनी मिळून! साहेब जीपमधून येतात, जीप रस्त्यावर थांबते. धुरा त्यांना दिसतच नाही.

यंदाच्या भाद्रपदात मी पुन्हा गेले. गुडघे कुरकुरत होते, तरी गेले. ताई वावरात होती, बादली, ओटी, सगळं तसंच. पण आपल्या ओळी पाहून झाल्यावर ती धुऱ्यावर जाऊन उभी राहिली आणि पलीकडच्या पहिल्या ओळीवर वाकली. पाय धुऱ्यावर, अंग पुढे. हात पुरेल तेवढ्याच डोमकळ्या खुडत होती. दुसऱ्या ओळीतली एक तिला दिसत होती. तिच्याकडे पाहून ती परत सरळ झाली.

"पुढची काढ ना," मी म्हटलं.

"हात पुरते तेवढं करतो मी. तिकडे नाई जात."

झालं. माझा मोसम आला होताच. मी साडी खोचली, धुरा ओलांडला आणि सुधाकररावांच्या वावरात शिरले. आईनं शिकवलं होतं तशी, एकेक फूल पाहत. माझी ओटी भरत आली तेव्हा मागून आवाज आला, "कोन हाये वं तिकडे?"

नलूवहिनी. हातात विळा, डोक्यावर रुमाल. मी सगळी तयारी करून वळले. पारावर बोलले होते ते सगळं पुन्हा बोलायला, त्याच्यापेक्षा वाईट बोलायला. त्यांनी माझ्या ओटीकडे पाहिलं. मग धुऱ्यावर उभ्या ताईकडे पाहिलं.

"सीतादही व्हायची हाये आमची," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"बाहेर नेऊ नोका." मग विळ्यानं पायाखालची माती दाखवत म्हणाल्या, "बादली इकडे आना. इथीच बुडवा."

बादली इकडे आणायची. ओटी वावराबाहेर जात नाही, अळी वावरात राहत नाही. एवढंच! त्या पारावर चार मोठी माणसं होती, एक प्राणिशास्त्राची बाई होती, आणि कुणाच्याही डोक्यात हे आलं नाही. ही बाई तेव्हा कडुनिंबाखाली उभी होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. माझा राग गेला, असं लिहायला मला आवडलं असतं. तो वाढला.

ताईनं बादली उचलली, धुऱ्याच्या कडेपर्यंत आणली आणि हात लांब करून नलूवहिनींच्या हातात दिली. तसाच हात, कापूस देताना केला होता तसा. नलूवहिनींनी बादली मातीवर ठेवली आणि ताईचा हात धरून ठेवला.

"या ना वो ताई, तुमी बी. मिळून काढू."

ताईनं हात हळूच सोडवून घेतला.

"त्या वावरात मी ओटी रिकामी करून आली वो, नलू," ती म्हणाली. "तिथं आता माहा पाय पडत नाई."

मग ती वळली आणि आपल्या ओळींत जाऊन पुन्हा पहिल्यापासून एकेक फूल पाहू लागली. मी ओटी बादलीत सोडली.